हापशाच्या पाण्यातले बुडबुडे

“मॅडम, बुडबुडे येईना गेलेत.”

जानेवारीतलं लख्ख ऊन, दुपारी बाराची वेळ, खिडकीच्या कट्ट्यावर चंचुपात्र. त्यात हायड्रिलाच्या फांद्या, त्यांवर उपडं नरसाळं, नरसाळ्याच्या दांड्यावर पाण्याने काठोकाठ भरलेली परीक्षानळी. पुस्तकातल्या आकृतीत असतं तसं सगळं जागच्या जागी होतं. हायड्रिला पोरांनी सकाळीच जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या चारीतून आणली होती. आमच्याकडे तिला कोणी हायड्रिला म्हणत नाही. पाण्यात जे हिरवं वाढतं ते सगळं शेवाळ.

प्रकाशसंश्लेषणात ऑक्सिजन बाहेर पडतो, एवढंच दाखवायचं असतं तर परीक्षानळीत वर थोडा वायू जमेपर्यंत थांबलं की भागतं. मला त्या दिवशी वेग मोजायचा होता. एका मिनिटाला किती बुडबुडे सुटतात, पडदा ओढला तर किती, फांदी सावलीत नेली तर किती. एकाच्या हातात घड्याळ होतं, एकीच्या हातात वही, बाकी सगळे डोळे पाण्यावर. पाच मिनिटं गेली. एक बुडबुडा सुटला, मग कितीतरी वेळ काहीच नाही. वहीत लिहायला आकडाच नव्हता.

मी फांद्या बदलल्या, देठ नव्याने कापले, पात्र आणखी उन्हात सरकवलं. काही फरक नाही. तेवढ्यात हात धुवायला बाहेर गेलेली एक मुलगी धावत आली. “मॅडम, बादलीत बघा!”

अंगणात हापशाखाली ठेवलेल्या बादलीत उरलेली हायड्रिला पडली होती. तिच्या तुटक्या देठांमधून बारीक बुडबुड्यांच्या माळा सरळ वर येत होत्या, एकामागून एक, मोजताना दमछाक व्हावी इतक्या वेगाने.

फांद्या त्याच, कालवा तोच, दुपारही तीच. एक पोरगा म्हणाला, “बादली जास्त उन्हात आहे.” शंका रास्त होती, म्हणून आम्ही दुसरं चंचुपात्र घेतलं, हापशाच्या पाण्याने भरलं आणि पहिल्याच्या शेजारी कट्ट्यावर ठेवलं. दोन्हींत सारख्या लांबीच्या फांद्या घातल्या. एका पात्रातून माळ सुरू झाली, दुसरं गप्पच राहिलं. आता फरक एकच उरला होता. पहिल्या पात्रात मी पिण्याच्या जारचं पाणी घेतलं होतं. प्रयोगाला स्वच्छ पाणी असावं म्हणून.

वर्गातून उत्तर लगेच आलं. “जारच्या पाण्यात हवा नसते. बुडबुडे पाण्यातल्या हवेचे आहेत, शेवाळाचे नाहीत.”

हे उत्तर चूक आहे, पण हसण्यावारी नेण्यासारखं मुळीच नाही. युरोपातल्या एका मोठ्या निसर्गवैज्ञानिकाने ते 1754 साली छापून प्रसिद्ध केलं होतं.

त्याचं नाव शार्ल बोने. गाव जिनिव्हा. त्याने द्राक्षवेलीची पानं पाण्यात बुडवून उन्हात ठेवली, तेव्हा पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे चढले आणि सूर्य मावळला तसे थांबले. बोने सावध माणूस होता. बुडबुडे पानाचे की पाण्याचे, हे ठरवायला त्याने पाणी उकळलं, थंड केलं आणि त्यात पानं बुडवली. एकही बुडबुडा आला नाही. मग निष्कर्ष उघडच होता: उकळल्याने पाण्यातली हवा गेली, म्हणून बुडबुडे गेले, पानाचा त्यात काही हात नाही, उन्हाने तापलेल्या पाण्यातली हवा फक्त पानावर चिकटते. प्रयोग चोख आणि निरीक्षण अचूक होतं. तरीही त्यातलं खरं त्याच्या हातून निसटलं. पुढे त्याची दृष्टी अधू होत गेली आणि तो डोळ्यांच्या कामाकडून चिंतनाकडे वळला. पानांवरचे बुडबुडे पंचवीस वर्षं तसेच राहिले.

त्या पंचवीस वर्षांत इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टलीने एक विलक्षण गोष्ट पाहिली. 17 ऑगस्ट 1771 रोजी त्याने मेणबत्ती जळून विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची फांदी ठेवली. 27 ऑगस्टला त्याच हवेत दुसरी मेणबत्ती छान जळाली. खराब झालेली हवा झाड दुरुस्त करतं! सगळीकडे आनंद झाला आणि पाठोपाठ गोंधळ, कारण इतरांनी तोच प्रयोग केला तेव्हा कधी जमला, कधी फसला. स्वीडनमध्ये शेलेला तर झाडं हवा बिघडवताना दिसली. खुद्द प्रीस्टलीच्या हातूनही तो दर वेळी जमेना.

हा गुंता सोडवला यान इंगेनहाउझ या डच वैद्याने. देवी टोचण्यात त्याचा हातखंडा होता. 1768 साली व्हिएन्नात सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या घरातल्यांना त्यानेच टोचलं आणि राजवैद्य झाला. 1779 च्या उन्हाळ्यात तो लंडनजवळ एका गावातल्या घरात जाऊन राहिला आणि तीन महिन्यांच्या आत पाचशेहून जास्त प्रयोग केले. उन्हाळा संपायच्या आत उरकायचं होतं, कारण त्याला ऊन हवं होतं. त्याच वर्षी पुस्तकही निघालं.

बोनेने जे केलं नव्हतं ते त्याने केलं. बुडबुडे नळीत गोळा केले आणि तो वायू तपासला. त्यात मेणबत्ती झळाळून पेटत होती. साध्या हवेत ती तशी पेटत नाही, म्हणजे हा वायू पाण्यात विरघळलेली साधी हवा नव्हता. मग त्याने पानं अंधारात ठेवली, तेव्हा वायू आला नाही. अंधारात विस्तवाजवळ ऊब दिली, तरी आला नाही. म्हणजे काम उन्हाच्या उष्णतेचं नव्हतं, उजेडाचं होतं. हे काम झाडाचा फक्त हिरवा भाग करतो, मूळ किंवा फूल करत नाही. आणि रात्री सगळं झाड आपल्यासारखंच हवा खराब करतं, हेही त्याने सांगितलं. प्रीस्टलीचा प्रयोग कधी जमे, कधी फसे, त्याचं कारण सापडलं. उजेडाचा हिशेब कोणी ठेवलाच नव्हता.

आमच्याकडे मेणबत्तीऐवजी उदबत्ती होती. हापशाच्या पाण्यातल्या परीक्षानळीत वर बोटभर वायू जमायला तासाहून जास्त वेळ लागला. नळीचं तोंड अंगठ्याने दाबून बाहेर काढली, सुलट केली आणि विझत आलेली उदबत्ती आत घातली. टोकाला एकदम उजळ निखारा फुलला. वर्गात जो आवाज झाला, तो अजून माझ्या कानात आहे. “साधी हवा नाही ही!” मघाशी हवेचा सिद्धांत मांडणारा पोरगाच हे ओरडला.

पण त्याचा अर्धा प्रश्न अजून शाबूत होता. वायू शेवाळातून येतो, मान्य. मग जारच्या पाण्यात शेवाळ तो का देत नाही?

माझ्या मते गोष्टीचा सगळ्यात नाट्यमय भाग हाच आहे, आणि शालेय पुस्तकांत तो सापडत नाही. बोनेच्या उकळलेल्या पाण्याचा निकाल खरा होता. इंगेनहाउझने बोनेचा निष्कर्ष खोडला, निकाल मात्र तसाच उभा राहिला. त्याचा अर्थ लावला बोनेच्याच गावच्या झाँ सेनेबिये याने, 1782 साली. तो आधी धर्मोपदेशक होता, मग जिनिव्हाच्या ग्रंथालयाचा प्रमुख झाला. त्याने उकळलेल्या पाण्यात तेव्हा ‘स्थिर वायू’ म्हणून ओळखला जाणारा, म्हणजे आजचा कार्बन डायऑक्साइड विरघळवला. बुडबुडे पुन्हा सुरू झाले. उकळल्याने पाण्यातलं काहीतरी जातं, हे बोनेचं म्हणणं बरोबरच होतं. फक्त ते जे जातं, ते बुडबुडा म्हणून बाहेर पडणारं नव्हतं. ते पानाचं खाणं होतं. पाण्यात खाणं नव्हतं म्हणून पान गप्प राहिलं.

एकच गप्प पात्र दोघांनी पाहिलं. एकाने म्हटलं, पान काही करत नाही. दुसऱ्याने म्हटलं, पानाला काही मिळत नाही.

आम्ही चार पात्रं मांडली. एकात जारचं पाणी. दुसऱ्यात हापशाचं. तिसऱ्यात हापशाचंच, पण उकळून थंड केलेलं. इथे एका मुलीने असा मुद्दा काढला की मला खडू खाली ठेवावा लागला. ती म्हणाली, उकळलेल्या पाण्यातली हवा गेलेली असते, म्हणजे ते पाणी हवेसाठी तहानलेलं असणार. शेवाळातून सुटलेला ऑक्सिजन तेच पिऊन टाकत असेल, तर बुडबुडा दिसणार कसा? हा आक्षेप खरा आहे. म्हणून थंड झालेलं ते पाणी आम्ही या तांब्यातून त्या तांब्यात वीस-पंचवीस वेळा उंचावरून ओतलं. चहा गार करतात तसं. हवा परत मिसळली, तहान भागली. चौथ्या पात्रात जारचं पाणी घेतलं आणि त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला. लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास पुरतो.

निकाल असा लागला: जारचं पाणी जवळजवळ गप्प, उकळलेलंही जवळजवळ गप्प, हापशाचं चालू. आणि मघापासून मुक्या राहिलेल्या जारच्या पाण्यात सोडा पडल्यावर थोड्याच वेळात देठाच्या टोकावर एक बुडबुडा फुगला, सुटला, त्याच्यामागे दुसरा, आणि माळ लागली.

हापशाच्या पाण्यात असं काय होतं? त्याचं उत्तर आमच्या पायाखाली आहे. परभणी जिल्हा दख्खनच्या बेसाल्टवर, काळ्या पाषाणावर वसलेला आहे. पावसाचं पाणी काळ्या मातीतून झिरपताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं. ते आंबट पाणी खडकाला खातं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम यांच्याबरोबर बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याच्या सोड्यात असतं तेच, पाण्यात उतरतं. घरात आपण याच पाण्याला जड पाणी म्हणतो. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो. जारच्या प्लँटमधली आरओची जाळी हेच क्षार काढून टाकते. माणसाला ते पाणी गोड लागतं, शेवाळ त्यात उपाशी राहतं. कारण हायड्रिला विरघळलेला कार्बन डायऑक्साइड तर घेतेच, शिवाय बायकार्बोनेटही वापरू शकते. सगळ्या पाणवनस्पतींना हे जमत नाही.

आणि उकळल्यावर? बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड वाफेबरोबर उडून जातो आणि उरलेला कार्बन चुन्याच्या रूपात बुडाला चिकटतो. पाणी उकळलेलं पातेलं मी मुलांसमोर फिरवलं. एकाने नखाने तो पांढरा थर खरवडला आणि म्हणाला, “म्हणजे शेवाळाचं जेवण हितं बसलंय.” याहून नेमकं उत्तर मला देता आलं नसतं.

आणखी एक पुरावा जाता जाता मिळाला. शाळेच्या पेटीत फिनॉल्फ्थेलिनची बाटली होती. हापशाच्या पाण्यात दोन थेंब टाकले तर रंग आला नाही. फांदी घालून उन्हात ठेवलं आणि मधल्या सुट्टीनंतर पाहिलं, तर पानांभोवती गुलाबी छटा होती. बायकार्बोनेटमधला कार्बन पान आत घेतं तेव्हा पाणी अल्कधर्मी होत जातं. कालव्यातल्या जुन्या हायड्रिलाच्या पानांना हात लावला तर खरखरीत लागतात. तो चुनाच आहे.

आता वेग मोजायचा. इथे खरी डोकेदुखी सुरू होते, कारण बुडबुडा हे फसवं माप आहे. 1 मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यात सुमारे 0.52 घन मिलिमीटर वायू असतो. व्यास दुप्पट झाला की वायू आठपट. मिनिटाला दहा मोठे बुडबुडे आणि मिनिटाला ऐंशी बारीक बुडबुडे यांत वायू सारखाच, आणि वहीत मात्र एक फांदी दुसरीच्या आठपट हुशार दिसणार. यावर आम्ही औषधाच्या दुकानातून सलाईनची नवी नळी आणली, नरसाळ्याच्या दांड्याला जोडली आणि तिच्यामागे मोजपट्टी चिकटवली. नळीचा आतला व्यास 3 मिलिमीटर असेल तर 1 सेंटिमीटर लांबीत सुमारे 71 घन मिलिमीटर वायू बसतो. बुडबुडे कितीही लहानमोठे असोत, नळीत ते एकत्र येतात आणि मोजायची फक्त लांबी उरते. हेही माप पूर्ण नाही. थोडा ऑक्सिजन पाण्यात विरघळतो, थोडा फांदी स्वतःच्या श्वसनात वापरते. जे नळीत येतं ते खर्च वजा जाता उरलेलं. हे मुलांना सांगायलाच हवं.

बुडबुड्याच्या आकाराची हीच अडचण कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांना आली होती. त्यांनीही याच हायड्रिलावर काम केलं. त्यांच्या उपकरणात ऑक्सिजन पाऱ्याच्या थेंबाला उचलून बाहेर पडे, त्यामुळे दर वेळी सारखाच वायू सुटे आणि प्रत्येक सुटकेची नोंद विजेच्या साहाय्याने आपोआप होई. झाड स्वतःचा हिशेब स्वतः लिही. 1924 साली या कामावरचं त्यांचं पुस्तक निघालं. त्यात एक निरीक्षण होतं, जे तेव्हा कोणाच्या चौकटीत बसलं नाही. उन्हाळ्यातली हायड्रिला हिवाळ्यातल्या हायड्रिलापेक्षा वेगळी वागते. तिचा रस आंबट असतो, त्यात मॅलिक आम्ल असतं, आणि बाहेरून कार्बन डायऑक्साइड मिळाला नाही तरी ती काही प्रमाणात काम चालू ठेवते.

मॅलिक आम्लाचा हा धागा पुढे उसात सापडला. 1966 साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी दाखवलं की ऊस कार्बन आधी चार कार्बनी आम्लात बांधतो आणि मग आत नेऊन वापरतो. ज्वारीही तेच करते. आणि 1980 च्या दशकात फ्लोरिडातल्या संशोधकांनी हायड्रिलातही ही युक्ती पक्की केली. पाणी तापलं, त्यातला कार्बन डायऑक्साइड घटला की ती हाच मार्ग पकडते. म्हणजे परभणीच्या शिवारातली ज्वारी आणि तिला पाणी देणाऱ्या चारीतलं शेवाळ, दोघांकडे कडक उन्हाळ्याचं उत्तर एकाच जातीचं आहे. ज्या जिल्ह्यातल्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’ आणि ‘परभणी शक्ती’ अशी ज्वारीची वाणं दिली, तिथल्या पोरांना ही गोष्ट माहीत नसावी, याचं मला वाईट वाटतं.

शेवटच्या दिवशी आम्ही खिडकी बंद करून दिवा लावला. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो, तिप्पट केलं की नवमांश. दिव्याच्या उष्णतेने घोळ होऊ नये म्हणून मध्ये पाण्याने भरलेली काचेची बरणी ठेवली. दिवा जवळ आणला तसा नळीतला वायू वेगाने सरकू लागला, पण एका जागेनंतर दिवा कितीही जवळ आणला तरी वेग वाढेना. मग कोणीतरी न सांगता पाण्यात सोडा टाकला आणि वेग पुन्हा चढला. इंग्लंडमध्ये ब्लॅकमनने 1905 साली हाच नियम मांडला होता: अनेक गोष्टी लागतात तेव्हा वेग ठरवते ती सगळ्यात कमी पडणारी गोष्ट. हे मी समजावून सांगायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, “रब्बीत ऊन ढीगभर असतं मॅडम, पाणीच नसतं.”

त्याच्या पुढच्या वर्षापासून मी सुरुवातच जारच्या पाण्याने करते, आणि ते का गप्प आहे हे सांगत नाही. परभणीत, सेलूत, जिंतूरला, गंगाखेडला कुठेही शिकवत असाल, तर एकदा तीन पाणी शेजारीशेजारी मांडून पाहा: जारचं, हापशाचं आणि उकळून पुन्हा हवा मिसळलेलं. दिवाळीनंतरचं स्वच्छ ऊन त्याला उत्तम. आणि प्रयोग झाल्यावर फांद्या तळ्यात किंवा विहिरीत फेकू नका, उन्हात वाळवून मग खताच्या खड्ड्यात टाका. 1950 च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून फ्लोरिडात गेलेली हायड्रिला तिथल्या तळ्यांत अशी पसरली की ती अजून निघालेली नाही. तिचा एक तुकडा पुरतो.